जुन्या भावाचं पेट्रोल

"झिरो बघा," पंपावरचा माणूस म्हणाला.

आढाव सरांनी झिरोऐवजी भाव बघितला आणि दाराबाहेर टाकलेला पाय परत आत घेतला.

"सांगळे," ते दबक्या आवाजात मला म्हणाले, "तुझा चष्मा नवा आहे. जरा वाच बरं."

मी वाचलं. आकड्यांच्या चकत्या फिरतात तसलं जुनं मशीन होतं. काचेवर धूळ होती, पण आकडा लख्ख दिसत होता. लिटरला अडतीस रुपये पन्नास पैसे.

"मशीन बिघडलं असेल," मागच्या सीटवरून तांबोळी मॅडम म्हणाल्या. "नाहीतर मघाशी त्या वळणावर आपण तिघंही खपलो असू, आणि हा वरचा भाव असेल."

"वर गेल्यावर आढाव सरांच्या गाडीची काय गरज?"

"वर्गणी चुकायची नाही सांगळे सर, कुठंही जा."

"झिरो बघा," तो माणूस पुन्हा म्हणाला. त्याच आवाजात, तितक्याच सावकाश.

आढाव सर उतरले, मशीनपुढं वाकले आणि म्हणाले, "हो, आहे." मग जरा थांबून, "फुल्ल करा." हे दोन शब्द त्यांनी इतक्या वर्षांनी उच्चारले होते की आवाजच फुटला नाही नीट. परत म्हणावे लागले.

ज्या वर्षी पेट्रोलनं शंभरी ओलांडली, त्या वर्षीची ही गोष्ट. आम्ही तिघं अपडाऊनवाले. घरं नगरला, नोकरी बाभूळदऱ्याच्या ज्युनिअर कॉलेजात. नोकरीच्या गावीच मुक्काम पाहिजे असा सरकारी नियम असल्यामुळं कागदोपत्री आम्ही बाभूळदऱ्यातच राहत होतो. मी आणि आढाव सर एका बागायतदाराच्या गोठ्यात, रीतसर भाडेपावतीसह. प्रत्यक्षात रोज सकाळी आढाव सरांच्या जुन्या गाडीतून जायचं आणि दुपारी परत यायचं. पेट्रोल वर्गणीतून. मी अर्थशास्त्र शिकवायचो म्हणून वर्गणीचे नियम मी केले होते: महिन्याची वर्गणी आगाऊ, रजा काढली तरी कपात नाही, दिलेले पैसे परत मिळणार नाहीत. नियमांवर मी इतका खूश होतो की ते टाइप करून डॅशबोर्डवर चिकटवले होते. तांबोळी मॅडम भूगोलाच्या. त्यांना सगळे नियम मान्य होते, पैसे मात्र त्या पुढच्या महिन्यात द्यायच्या.

त्या दिवशी हायवेचा टोल वाढला म्हणून आढाव सरांनी गाडी जुन्या रस्त्याला घातली होती. बायपास झाल्यापासून त्या रस्त्यानं कुणी जात नव्हतं. दोन्ही बाजूंना चिंचेची झाडं, बंद पडलेला एक ढाबा, आणि पुढं हा पंप. तिथं पंप होता हे आम्हां तिघांनाही आठवत नव्हतं. नव्हता असंही छातीठोक सांगता येत नव्हतं.

पंपाशेजारी पिवळ्या रंगाचा एसटीडीचा बूथ होता. त्याच्यापुढं पाच-सहा माणसांची रांग, सगळ्यांच्या पाठी आमच्याकडं. कुणाच्याही हातात मोबाइल नव्हता. मला तेव्हा ती फक्त शिस्त वाटली.

मी पाचशेची नोट पुढं केली. खाकी कपड्यांतल्या त्या माणसानं ती उलटसुलट करून पाहिली, वर न बघताच परत दिली. "हे चालत नाही इथं."

"का? खोटी वाटते?"

"खेळण्यातली आहे."

शेवटी आढाव सरांनी पाकिटाच्या आतल्या कप्प्यातून जुन्या छापाच्या शंभराच्या नोटा काढल्या. त्या घडीवर घडी पडून मऊ झाल्या होत्या. "शालनच्या डब्यातल्या आहेत," ते म्हणाले. शालन वहिनी म्हणजे त्यांच्या पत्नी. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि ह्या नोटा सरांनी एवढ्या वर्षांत मोडल्या नव्हत्या. "घे बाबा. शेवटी तिचेच पैसे कामाला आले."

गाडी त्या दिवशी अशी पळाली, की आजवर ती आपण पायानंच रेटत होतो असं वाटावं.

"पेट्रोलचा वास आला का हो कुणाला?" मॅडमनी विचारलं.

आम्हाला आला नव्हता. पण अडतीस रुपयांत वासही पाहिजे म्हणणं मला जरा जास्तच वाटलं.

*

त्यानंतर आम्ही तिथंच भरायला लागलो. जुन्या नोटा सर शालन वहिनींच्या डब्यातून आणायचे, वर्गणी त्यांच्याकडं जमा व्हायची. कुणाला सांगायचं नाही असं ठरलं. स्टाफरूममध्ये इतर लोक पेट्रोलच्या नावानं बोटं मोडायचे तेव्हा आम्हीही तोंडं पाडून बसायचो. आढाव सर तर सुस्कारे सोडायचे. ते मराठीचे असल्यामुळं त्यांना जमायचं.

महिनाअखेरीस पगार झाला. मी फोनवरचा मेसेज दोनदा वाचला आणि हेडक्लार्ककडं गेलो.

"अहो, माझा पगार कमी आलाय."

त्यांनी कॉम्प्युटरवर बघितलं. "बरोबर आहे की सर. तुमचं बेसिक एवढंच आहे."

"गेल्या महिन्यात किती होतं?"

"एवढंच."

"कसं शक्य आहे? सातव्या वेतन आयोगानं–"

"कितव्या?" हेडक्लार्क म्हणाले.

मी हसलो. ते हसले नाहीत. शेजारच्या टेबलावरचा क्लार्कही मान वर करून माझ्याकडं बघायला लागला. सर बरे आहेत ना, असं.

आढाव सरांचाही पगार तेवढाच घसरला होता. मी वर्गात महागाई शिकवतो, पण स्वतःचा हिशेब कधी केला नव्हता. तो त्या दिवशी फळ्याच्या कोपऱ्यात केला. आधी पगारातला जेवढा हिस्सा पेट्रोलवर जायचा, बरोब्बर तेवढाच आताही जात होता. पेट्रोल स्वस्त झालं होतं आणि त्या बेतानं मीही.

"कोषागाराची चूक असेल," आढाव सर म्हणाले. त्यांना त्याचं काहीच वाटत नव्हतं. उलट त्या दिवसांत ते दाढी घोटून, कडक इस्त्रीचे कपडे घालून यायला लागले होते.

तांबोळी मॅडमचा पगार मात्र पूर्ण आला होता. ऑफ तासाला त्यांनी मला व्हरांड्यात गाठलं.

"सांगळे सर, एक सांगू? त्या पेट्रोलचे पैसे मी अजून दिलेले नाहीत."

"पुढच्या महिन्यात द्या. तुमचं नेहमीचंच."

"देणारच नाही. चेष्टा करत नाहीये मी. तुम्ही दोघांनी दिले, तुमचे पगार गेले. मी दिले नाहीत, माझा आला." त्यांनी पदर खांद्यावर घट्ट ओढून घेतला. "आणि ती रांग बघितली का तुम्ही? त्या बूथची? तीच माणसं असतात. कपडेसुद्धा तेच."

"रोज फोन करणारे असतील."

"मग त्यातलं कधी कुणी माघारी येताना बघितलंय?"

दुसऱ्या दिवसापासून त्या एसटीनं यायला लागल्या. एसटीत रोज उभं राहावं लागे, पण ही बाई इतक्या आनंदानं उभी राहताना मी कधी पाहिली नव्हती.

पुढच्या महिन्यात सहावा वेतन आयोगही गेला. मेसेज आला तो पाच हजार रुपयांचा. नोकरी लागली तेव्हा मी शिक्षण सेवक होतो, त्या वेळचं मानधन. त्या रकमेवर तेव्हा मला मुलगी द्यायला कुणी तयार नव्हतं.

हे मनात आलं आणि मी एकदम थांबलो. कारण तेव्हा माझं लग्न झालेलं नव्हतं.

*

घरी आलो तेव्हा शेजारच्या दरेकर काकू आल्या होत्या. छाया, माझी बायको, त्यांच्याजवळ बसली होती. आमची ओवी, तेव्हा सातवीत, खिडकीपाशी जमिनीवर बसून नकाशा रंगवत होती. ओवी हे नाव आढाव सरांनी सुचवलेलं. बारशाला येऊन पाळण्यापाशी सगळ्यांत मोठ्या आवाजात त्यांनीच ते म्हटलं होतं.

"माझ्या नणंदेला सात वर्षं नव्हतं काही," दरेकर काकू सांगत होत्या. "त्या देवीची ओटी भरली, मंगळवार धरले, आणि वर्षाच्या आत पाळणा हलला. जागृत आहे गं फार. तू एकदा जाऊन तर ये."

मला वाटलं दुसऱ्या कुणाबद्दल चाललंय.

"मंगळवारच का?" छायानं विचारलं. "शुक्रवार नाही चालत?"

"शुक्रवारी गर्दी असते. आणि नारळ घरूनच ने, तिथं लुटतात." काकूंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "वय गेलं नाही अजून तुझं. मन लहान करू नकोस. घरात लेकरू नसलं की घर खायला उठतं, मला कळतं."

ओवीनं खडू खाली ठेवला.

"आई," ती म्हणाली. "मी इथंय."

छायानं त्या दिशेला बघितलं. खिडकीकडं. मग उठून तिनं खिडकी लावून घेतली आणि म्हणाली, "वारं सुटलंय बाई आज."

मी ओवीचा हात धरला आणि तिला आतल्या खोलीत नेलं. तिचा हात मऊ होता, गरम होता, पण भरलेला नव्हता. वाळत घातलेला कपडा उचलावा तसा तो आला.

"आई चिडलीय का माझ्यावर?"

"नाही गं."

"कालपण तिनं माझं ताट नाही घेतलं. मी मागितल्यावर एकदम दचकली. मग म्हणाली, विसरलेच की मी तुला. बाबा, शाळेत हजेरीत माझं नाव येत नाही. मॅडम पुढचं नाव घेतात. मी 'हजर' म्हटलं तरी."

त्या रात्री ती माझ्याजवळ झोपली. मी तिच्या फ्रॉकचं टोक मुठीत धरून ठेवलं.

*

मी आढाव सरांच्या गाडीनं जाणं बंद केलं. एसटीनं जाऊ लागलो, तांबोळी मॅडमशेजारी दांडीला लोंबकळून. वाटलं, आता थांबेल. थांबलं नाही. ओवी आणखी पुसट झाली. पुसट म्हणजे दिसायची नीट, पण तिच्याकडं बघताना लक्ष दुसरीकडंच जायचं. मग स्वतःलाच आठवण करून द्यावी लागायची, की बघ, इथं बघ.

मॅडमच म्हणाल्या, "आढाव सर अजून तिथंच भरतात ना? मग टाकीत तुमचे पैसे आहेतच की."

आगाऊ वर्गणी. गाडीत बसा नाहीतर नका बसू.

दुपारी कॉलेज सुटल्यावर मी सरांच्या घरी गेलो. ते एकटेच राहायचे, मूलबाळ नव्हतं. हॉल आरशासारखा झाडलेला. टीपॉयवर जुना लँडलाइनचा फोन पुसून ठेवलेला, त्याची वायर भिंतीपर्यंत पोचतही नव्हती.

"बस," ते म्हणाले. "चेहरा काय झालाय तुझा!"

मी तोंड उघडणार तेवढ्यात स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. आम्ही दोघंही हॉलमध्ये होतो.

"सर, आत कोण आहे?"

"अजून कुणी नाही," ते म्हणाले.

त्यांनी फोनवरची नसलेली धूळ बोटानं पुसली.

"आधी नुसते डबे जागेवर लागलेले असायचे," मग ते सांगू लागले. शिकवताना बोलायचे तितक्याच शांतपणे. "मग पायपुसणं झटकलेलं. आता कुकर लागतो. सांगळे, ती त्या रांगेत आहे. पांढरी साडी नेसलेली. तू बघितलं नाहीस?"

"वहिनी?"

"उपकेंद्रावर नर्स होती ना ती. तिकडंच राहायची आठवडाभर. रोज सकाळी बूथवरून मला उठवायला फोन करायची. उठलात का, म्हणून. नाही उचलला तर परत रांगेत उभी राहायची." ते हसले. "पहिल्या दिवशी मी पाठ ओळखली. तेव्हा सगळ्यांच्या मागं होती. आता दाराशी आलीय. अजून एक टाकी. मग आत जाईल, नंबर फिरवेल."

"सर, माझी ओवी चाललीय."

मी सगळं सांगितलं. काकू, नवस, हजेरी. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. पांढरा पडला होता त्यांचा चेहरा. मला वाटलं, संपलं आता, हा माणूस ऐकेल. पाळण्यावर वाकून तिचं नाव घेतलंय ह्यानं.

"तुझी मुलगी अजून आहे," शेवटी ते म्हणाले. "माझी बायको अजून नाही."

"सर!"

"मला कळतंय मी काय बोलतोय. पण तू सांग. दोघांपैकी कुणाला तू थांब म्हणशील आणि कुणाला मी?"

"माझी वर्गणी परत द्या. मला ह्यात राहायचं नाही."

"दिलेले पैसे परत मिळणार नाहीत," आढाव सर म्हणाले. टोमणा नव्हता त्यात. त्यांनी अगदी दुःखानं सांगितलं. "तूच केलायस नियम. आणि पैसे असतेच तर दिले असते रे. माझाही पगार तसाच घसरलाय."

आत दुसरी शिट्टी झाली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेची व्हॅन आमच्या दारावरून सरळ पुढं गेली. मी धावत जाऊन ती अडवली. ड्रायव्हर म्हणाला, "सर, तुमच्या घरचं कुणी नसतं आमच्या गाडीला." घरात आलो तर छाया चहा करत होती. मला बघून तिनं पदर सारखा केला आणि जरा संकोचानंच विचारलं, "साखर किती लागते तुम्हाला?"

लग्नाला आमच्या पंधरा वर्षं झाली होती.

मी ओवीला घरी ठेवूच शकत नव्हतो. तिचा हात धरला आणि चौकात जाऊन उभा राहिलो, आढाव सर जिथून मला घ्यायचे तिथं. ते थांबतील की नाही, शंका होती. थांबले. ओवीला मी मागं बसवलं आणि स्वतः पुढं बसलो.

"बरं झालं आलास," ते म्हणाले. "एकट्याला करमत नाही."

"सर, ओवीला आणलंय. आज बायपासनं चला. टोल मी देतो. पेट्रोलही मी भरतो, काय भाव असेल तो. घड्याळ विकतो हे."

त्यांनी आरशात मागं बघितलं. बराच वेळ. मग रस्त्याकडं.

"कुणाला आणलंय?"

"आढाव काका, मी आहे," मागून ओवी म्हणाली.

"मागं कुणी नाहीये रे सांगळे," ते हळुवारपणे म्हणाले, आजारी माणसाशी बोलावं तसं. "तू रात्री झोपला नाहीस ना?"

"बाबा," ओवी म्हणाली, "काका गंमत करताहेत ना?"

"हो. करताहेत."

"कुणाशी बोलतोयस?"

बायपासचा फाटा आला. मी स्टिअरिंगला हात घातला. गाडी एकदा हायवेकडं झुकली, एकदा चिंचांकडं. मागून ट्रकचा हॉर्न वाजला. आढाव सरांनी माझा हात झिडकारला नाही, त्यांनी नुसतं म्हटलं, "नंदू, सोड रे. अजून एकदाच." एवढ्या वर्षांत त्यांनी मला आडनावाशिवाय कधी हाक मारली नव्हती. माझी पकड सुटली आणि गाडी जुन्या रस्त्याला लागली.

ऊन चढलं होतं. धुळीनं ओवीला खोकला यायचा म्हणून मी तिच्या काचा वर केलेल्या होत्या. पंपावर पोचलो तर बूथचं दार उघडं होतं आणि दाराशी एक पांढरी पाठ उभी होती. वेणी, वेणीच्या टोकाला काळी रिबीन. ह्या वेळी मीही ती बघितली. पुढचा माणूस फोन ठेवून निघाला की तिचा नंबर.

खाकी माणूस नळी घेऊन आला. त्यानं टाकीचं झाकण काढलं.

"सर, हात जोडतो," मी म्हणालो. मी खरोखरच जोडले होते. "भरू नका."

आढाव सरांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते उतरले.

"झिरो बघा," तो माणूस म्हणाला.

सर वाकले. मशीनच्या काचेत त्यांनी जवळजवळ डोकंच घातलं. मी पलीकडच्या बाजूनं उतरून त्यांच्याकडं धावलो, नळी खेचायला. आणि मागून, गाडीच्या पलीकडून, आवाज आला.

"अहो, काच खाली करा की जरा. पोर उकडतंय आत."

साधा, किंचित वैतागलेला आवाज. दवाखान्यात शंभर माणसांना रोज काही ना काही सांगावं लागतं अशा बाईचा.

आढाव सर हलले नाहीत. वाकलेले होते तसेच राहिले. त्यांचा काचेवर टेकलेला पंजा मला दिसत होता. बोटं पांढरी झाली होती.

मी वळून बघितलं तेव्हा पांढरी साडी रांगेकडं परत चालली होती. ओवीच्या बाजूची काच पूर्ण खाली होती. ओवी बाहेर मान काढून त्या दिशेला बघत होती, आणि तिच्या कपाळावरचा घाम कुणीतरी नुकताच टिपलेला होता.

सर सरळ उभे राहिले तोवर रांगेत सगळ्या पाठीच होत्या. बूथच्या दाराशी दुसरंच कुणी होतं. पांढरी साडी सगळ्यांच्या मागं जाऊन उभी राहिली होती. आपला नंबर सोडून.

"झिरो बघितलं?" खाकी माणसानं विचारलं.

"बघितलं."

"मग सोडू?"

आढाव सर त्या पाठीकडं बघत होते. एक हाक मारायचं अंतर होतं. त्यांचे ओठ हललेही. मग त्यांनी मान वळवली आणि गाडीच्या मागच्या खिडकीकडं बघितलं. बघतच राहिले. हळूहळू त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, वर्गात उशिरा आलेल्या मुलाकडं बघताना पडायच्या तशा.

"ओवी," ते म्हणाले. "पाणी प्यायचंय का तुला?"

"हो काका."

"सांगळे, डिकीत बाटली आहे. दे तिला." आणि त्या माणसाला म्हणाले, "नको. राहू दे."

"पेट्रोल नको?"

"नको."

तेव्हा त्या खाकी माणसानं पहिल्यांदा मान वर केली. मी त्याचा चेहरा बघितला, पण आज तो मला सांगता येणार नाही; रोज दिसणाऱ्या कुठल्याही माणसाचा असावा तसा होता. त्यानं नळी जागेवर अडकवली.

"मग गाडी पुढं घ्या," तो म्हणाला. "मागं लोक थांबलेत."

आमच्या मागं कुणी नव्हतं. आम्ही गाडी पुढं घेतली.

टाकीत होतं-नव्हतं ते पेट्रोल चिंचा संपायच्या आत संपलं. मी आणि आढाव सरांनी गाडी हायवेपर्यंत ढकलत नेली. स्टिअरिंगवर ओवी बसली होती आणि तिला ते फार आवडलं होतं. ढकलताना गाडी जड लागत होती. आत बसलेल्या माणसाचं वजन असतं, तशी जड.

हायवेच्या पंपावर भाव एकशे दहाच्या वर होता. आढाव सरांनी टाकी काठोकाठ भरायला सांगितली. त्या महिन्याच्या घसरलेल्या पगारातलं जे उरलं होतं ते बहुतेक सगळं त्यात गेलं. माझ्याकडून त्यांनी काही घेतलं नाही. पेट्रोलचा वास इतका भपकन आला की ओवीनं नाक धरलं.

संध्याकाळी घरी पोचलो तर छाया दारातच उभी होती. "शाळा बुडवून कुठं नेलंत तिला? चाचणी होती आज गणिताची. तुम्हाला काही कळतं का?" ती अर्धा तास बोलत होती. मध्येच तिनं चहा आणून ठेवला. गोड होता, मला लागतो तेवढा.

पुढच्या महिन्यापासून पगार पूर्ण यायला लागला. मधल्या दोन महिन्यांचा फरक मात्र अजून मिळालेला नाही. प्रस्ताव पाठवलाय. त्यावर शेरा आलाय की कारण नमूद नाही. त्या रस्त्यानं मी नंतर एकदा तांबोळी मॅडमबरोबर गेलो होतो, त्यांच्याच आग्रहावरून. चिंचा आहेत, ढाबा आहे. मॅडमनी त्या पेट्रोलची वर्गणी अजूनही दिलेली नाही आणि मीही मागत नाही.

आढाव सर आता निवृत्त झालेत. गाडी विकून टाकली. रविवारी बसनं आमच्याकडं येतात. ओवी बारावीला आहे. तिच्या निबंधातल्या चुका काढून झाल्या की चहा येतो, आणि मग ते विचारतात. पहिल्यांदा विचारलं ते त्याच दिवशी, हायवेवर, टाकी भरून होत असताना. त्यांनी आवाज ऐकला होता, पाठ बघितली होती. चेहरा एकट्या ओवीनं बघितला होता.

"कशी दिसत होती गं?"

त्या दिवशी ओवी म्हणाली होती, "चांगल्या होत्या. त्यांनी माझा घाम पुसला." एवढंच. पण सर दर रविवारी विचारतात आणि दर रविवारी तिला काहीतरी नवं आठवतं. कधी कपाळावर बारीकशी टिकली होती. कधी पदराला औषधाचा वास येत होता. एकदा त्या हसल्या होत्या. छाया मला स्वयंपाकघरात हळूच विचारते, "खरंच एवढं आठवतं हिला?" मी म्हणतो, असेल.

गेल्या रविवारीही त्यांनी विचारलं. ओवीचा अभ्यास राहिला होता, ती उठायच्या बेतात होती. ती परत बसली.

"त्या तुमच्याकडं बघत होत्या, काका," ती म्हणाली. "तुम्ही मशीनमध्ये डोकं घातलं होतं ना, तेव्हा. माझी काच खाली करून झाली तरी तिथंच उभ्या होत्या."

आढाव सरांनी कप बशीत ठेवला. "किती वेळ?"

"बराच वेळ."

"बराच?"

"हो. मग गेल्या."

सांगताना ओवीनं माझ्याकडं बघितलं नाही.